पाना पोराच्या हाती, जबाबदारी कोणाच्या माथी?

वाहन बाळगणे ही आता केवळ सुखवस्तूंची चैन राहिलेली नाही. डेअरीवर दूध पोचविणारा शेतकरी, तालुक्याच्या शाळेत जाणारी शिक्षिका, गावोगाव माल टाकणारा फिरता विक्रेता आणि शहरातील रिक्षाचालक या सर्वांचा संसार दोन, तीन किंवा चार चाकांवर चालतो. साहजिकच दुरुस्तीची गॅरेजे हमरस्त्यांच्या कडेला, पेठांच्या बोळांत आणि एस.टी. स्थानकांच्या पाठीमागे सर्वत्र उभी राहिली. या गॅरेजांनी असंख्य हातांना काम दिले आणि वाहनधारकांची अडीअडचणीला सोय केली, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु दुरुस्तीसाठी दिलेले वाहन अधिकच बिघडून परत आले, तर ते नुकसान कोणी सोसावयाचे, या साध्या प्रश्नाला आपल्या व्यवहारात अजून सरळ उत्तर नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी, हाच न्याय तेथे चालतो. आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्या माथी दोष जातो. हा सर्वांत लहान आवाज कोणाचा असतो ते पाहू लागले, म्हणजे हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या तक्रारीपुरता राहत नाही.

इतर कारागिरांच्या कामात आणि गॅरेजच्या कामात एक महत्त्वाचा फरक आहे. शिंप्याने सदरा बिघडविला तर तो अंगात घालताच कळते. सुताराने दाराचे माप चुकविले तर दार लागत नाही. वाहनाचे काम मात्र बॉनेटखाली किंवा गाडीच्या पोटाखाली झालेले असते, आणि त्यातील चूक बहुधा गॅरेजपासून पुष्कळ दूर गेल्यावर प्रकट होते. चाकाचे नट पुरेसे आवळले नाहीत, तर ते पहिल्या वळणावर निखळत नाहीत; ब्रेकच्या नळीत हवा राहिली, तर पेडल सपाट रस्त्यावर साथ देते आणि उतारावर दगा देते. जेथे चूक झाली ते ठिकाण आणि जेथे ती बाधली ते ठिकाण, यांत अंतर पडते. या अंतराचाच फायदा घेऊन "आमच्याकडून गाडी नीट गेली होती" असे सांगता येते.

एक साधे उदाहरण घेऊ. इंजिनच्या तळाशी ऑइल काढण्यासाठी एक नट असतो. पुष्कळ गाड्यांत हा नट पोलादी आणि तो ज्यात बसतो तो भाग ॲल्युमिनियमचा असतो. नट तिरपा धरून पान्याने जोर लावला की मऊ धातूतील आटे खरवडले जातात. नट बसल्यासारखा वाटतो. पण हादऱ्यांनी तो सैल होतो, ऑइल ठिबकू लागते आणि एखाद्या चढावर ते संपते. ऑइलचा पातळ थर नाहीसा झाला की आतील बेअरिंगा धातूवर धातू घासून तापतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. नट आधी हाताने फिरवून सरळ बसतो की नाही हे पाहणे, खालचा वॉशर बदलणे आणि ठरलेल्या जोरानेच तो आवळणे, ही सारी पाच मिनिटांची कामे आहेत. ती न झाल्यामुळे होणारे नुकसान हजारोंच्या घरात जाते.

हे उदाहरण मी पुस्तकातून घेतलेले नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या गाडीचे इंजिन पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर नेमके याच कारणाने बंद पडले. तीन दिवसांपूर्वीच ऑइल बदलले होते. गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली तेव्हा मालकाने प्रथम सांगितले, की गाडी जुनी झाली, असे व्हावयाचेच. मी तारीख आणि किलोमीटर लिहिलेली पावती पुढे ठेवली आणि गाडीखाली वाकून आटे गेलेला नट पाहण्याची विनंती केली. त्यावर त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बोलावले, सर्वांदेखत त्याच्या कानफटात मारली आणि मला म्हणाला, "याच्या पगारातून कापून देतो, साहेब, मग तर झाले?"

मी ती भरपाई नाकारली आणि लेखी नोटीस दिली. तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर मजुरी माफ आणि सुट्या भागांचा अर्धा खर्च गॅरेजचा, अशी तडजोड झाली. परंतु इंजिनपेक्षा ते वाक्यच माझ्या मनात अधिक काळ राहिले. त्या एका वाक्यात या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आहे. दुरुस्तीचा आकार मालकाने ठरविला, पैसे मालकाने घेतले, नफा मालकाचा. आणि चूक तेवढी पोराची! ज्या मुलाला कोणी शास्त्रशुद्ध शिकविले नाही, ज्याच्या हाती जोर मोजणारा टॉर्क रेंच कधी दिला नाही आणि ज्याच्याकडून एका तासात चार गाड्या हातावेगळ्या करून घेतल्या, त्याच्या तुटपुंज्या वेतनातून एका मध्यमवर्गीय गृहस्थाचे इंजिन दुरुस्त व्हावे, ही व्यवस्था ग्राहकाला न्याय वाटावी अशी अपेक्षा होती. बहुसंख्य ग्राहकांना ती तशी वाटतेही. कानफटात मारलेली पाहून त्यांचा राग शांत होतो आणि पैसे मात्र कोणाकडूनच मिळत नाहीत.

कायदा याबाबत मुका नाही. १८७२ च्या कराराच्या कायद्याचे कलम १५१ सांगते, की दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात घेणाऱ्याने, सर्वसाधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतलीच पाहिजे. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाचे उत्तर धन्याने द्यावयाचे, हे तत्त्वही न्यायालयांना नवीन नाही. मजुराच्या बाजूने पाहिले, तर १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून आजच्या वेतन संहितेपर्यंत एक सूत्र कायम आहे: नुकसानीपोटी वेतन कापावयाचे असेल, तर आधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. आणि १४ वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यासारखे काही मर्यादित अपवाद सोडून कोणत्याही कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे. तरी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ऑइलने काळे झालेले लहान हात आपण सारे रोज पाहतो आणि "काम शिकतोय" या दोन शब्दांवर समाधान मानतो.

ग्राहकाच्या बाजूने १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याआधी १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, आणि पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. म्हणजे ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार महाराष्ट्राला कायद्याने शिकविलेला नाही; चळवळ आधी झाली आणि कायदा मागून आला. पुढे २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. त्यात सेवेतील निष्काळजीपणा हा सेवेतील उणीव म्हणून स्पष्टपणे धरला आहे, आणि केलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

येथे रिक्षाचालक आणि टेम्पोवाले यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक नव्हे, असा कायद्याचा नियम आहे. आणि तो पुढे करून पुष्कळांना दारातूनच परत पाठविले जाते. परंतु स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी जो वाहन चालवितो, त्याला या नियमातून त्याच कायद्याने वगळले आहे. मोटारवाल्याची गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये राहिली, तर त्याची गैरसोय होते. रिक्षावाल्याची रिक्षा आठ दिवस राहिली, तर त्याची चूल थंडावते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून बुडालेल्या रोजीची मागणी त्याने तक्रारीत स्वतंत्रपणे मांडली पाहिजे.

मग कायदा असूनही न्याय का मिळत नाही? माझ्या मते त्याचे मुख्य कारण एकच आहे. हा सारा व्यवहार तोंडी आहे. गाडी कोणत्या स्थितीत दिली, काय करावयास सांगितले, काय केले, कोणी केले, कोणता भाग बदलला, यांपैकी कशाचाही कागद नसतो. आयोगासमोर निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर येतो, आणि तोंडी व्यवहारात सिद्ध करावयाला काहीच उरत नाही. विम्याचाही येथे उपयोग नाही. कारण नेहमीच्या मोटार विम्यात अपघाताची नुकसानी धरली जाते, यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

तेव्हा नुकसान झालेल्या वाहनधारकाने पहिल्या दिवसापासून काही पथ्ये पाळावीत. बिघाड लक्षात येताच गाडी चालविणे थांबवावे. ऑइलचा किंवा तापमानाचा दिवा लागल्यावरही गाडी रेटली, तर नुकसानीतील वाटा स्वतःच्या अंगावर येतो. गाडी दुसऱ्या कारागिराने खोलण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, पहिल्या गॅरेजला लेखी कळवून पाहणीसाठी बोलवावे, आणि मगच ती उघडावी. एरवी पुरावाच नाहीसा होतो. दुसऱ्या जाणकाराचे मत तोंडी न घेता सही व तारखेसह घ्यावे. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. गॅरेजवाल्याला केलेल्या कामाच्या मजुरीसाठी गाडी अडवून ठेवण्याचा काही हक्क त्याच कराराच्या कायद्याने दिला आहे. म्हणून गाडी सोडविण्यासाठी पैसे द्यावेच लागले, तर पावतीवर "हरकत राखून रक्कम दिली" असे लिहावे. आणि या सर्व पत्रव्यवहारात मागणी मालकाकडे करावी. काम करणाऱ्या मुलाचे नाव साक्षीदार म्हणून येऊ शकते, आरोपी म्हणून नव्हे.

काही वाचक म्हणतील, की कागदच हवा असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात जावे. तेथे कागदांची उणीव नाही हे खरे. गार खोली, गणवेश, संगणकावर छापलेले जॉबकार्ड, सारे काही आहे. परंतु तो कागद एकतर्फी असतो. त्याच्या पाठीवरील बारीक अक्षरांत, गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवली व चालविली जाईल, असे कलम बहुधा छापलेले असते आणि घाईत असलेला ग्राहक खाली सही करतो. अशा कलमाला भिण्याचे कारण नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या आवारातून १९९८ साली पाहुण्याची मोटार चोरीस गेली, तेव्हा हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीवरील असेच वाक्य पुढे केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते मानले नाही. वस्तू ताब्यात घेणाऱ्या हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून असे छापील वाक्य दाखवून सुटता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तेव्हा प्रश्न कागद असण्याचा नाही. लेखणी कोणाच्या हाती आहे, याचा आहे.

मोठ्या कंपन्यांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. नाक्यावरचा मिस्त्री अंदाजाने काम करतो, असा आपला आक्षेप असतो. पण तो अंदाजाने का करतो? २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांवर सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. खरे सुटे भाग, दुरुस्तीची तांत्रिक माहिती आणि बिघाड शोधण्याची उपकरणे या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे हा वाद अपिलांच्या चक्रात सापडला. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबर मोटारवाहनांचाही समावेश केला. याचा अर्थ सरकारलाही रोगाची जाण आहे. कोणता नट किती जोराने आवळावा, हे सांगणारे पुस्तक एकाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावयाचे आणि मग दुसऱ्याला अडाणी म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. निष्काळजीपणाचा काही भाग गॅरेजच्या पत्र्याखाली जन्मतो, तर काही भाग कारखान्यांच्या कार्यालयांत.

लहान गॅरेजवाल्यावर कायद्याचा बडगा उगारू नये, असा एक सद्भावनेचा आक्षेप आहे. तो मी हलका मानीत नाही. हा मालक पुष्कळदा कालचा पोऱ्याच असतो. कर्ज काढून त्याने जागा घेतलेली असते, आणि नाना पेठेतील सुट्या भागांच्या व्यापाऱ्याची उधारी त्याच्या डोक्यावर असते. परंतु लेखी व्यवहार त्याच्याविरुद्ध आहे, ही समजूत चुकीची आहे. जुना पोचा "तुमच्याकडेच पडला" असे सांगणारे ग्राहकही कमी नाहीत. गाडी घेताना तिची स्थिती लिहून दोघांनी सही केली, तर अशा ग्राहकापासून त्याचेच संरक्षण होते. प्रामाणिक माणसाला कागदाची भीती नसते; भीती असते ती न लिहिलेल्या गोष्टींची.

लेखी जबाबदारीची पद्धत आपल्याकडे नवीन आहे असेही नाही. १९४८ च्या जूनमध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून आगारे आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा यांच्या आधाराने हा प्रचंड संसार चालला. चालकाने गाडीतील दोष लिहून द्यावयाचा आणि कार्यशाळेने त्याची दखल घ्यावयाची, ही तेथील शिस्त आहे. आज एस.टी.ची दुरवस्था झाली आहे, सुट्या भागांअभावी गाड्या उभ्या राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जी पद्धत हजारो बसगाड्यांसाठी सार्वजनिक संस्थेला आखता आली, ती चार गाड्यांच्या गॅरेजला अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक गॅरेजला मराठीत, दोन प्रतींत, एका पानाचे कामपत्रक सक्तीचे करावे. त्यात गाडीची स्थिती, किलोमीटर, सांगितलेले काम, खर्चाचा अंदाज आणि जबाबदार व्यक्तीची सही असावी, आणि ठरलेल्याहून अधिक काम ग्राहकाच्या संमतीवाचून करू नये. दुसरी, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांनी माफक शुल्कात बिघडलेल्या वाहनाची पाहणी करून लेखी अहवाल द्यावा. आज सामान्य तक्रारदाराला तज्ज्ञाचे मत विकत घेणे परवडत नाही आणि मत नसल्यामुळे तक्रार फेटाळली जाते. ही कोंडी या एका उपायाने पुष्कळशी फुटेल. तिसरी, याच संस्थांतून गॅरेजमधील कामगारांसाठी संध्याकाळचे अल्पमुदतीचे वर्ग चालवावेत, आणि त्या काळातील वेतन कापले जाऊ नये. चौथी, दुरुस्तीची माहिती सर्व कारागिरांना खुली करणारा कायदा समितीच्या कागदांतून बाहेर यावा. पाचवी, ग्राहक आयोगांतील रिक्त जागा भराव्यात. निकाल सामान्यतः तीन महिन्यांत आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे लोटतात. रिक्त जागांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली, ही सरकारांना भूषणावह गोष्ट नव्हे.

या मागण्या एकट्यादुकट्याने करून भागणार नाही. रिक्षाचालकांच्या संघटना, ग्राहक पंचायती आणि गॅरेजमधील कामगार यांची हितसंबंधांची फारकत वरवरची आहे. ग्राहकाला चांगले काम हवे आहे. चांगले काम शिकलेल्या, विश्रांती मिळालेल्या आणि पुरेसे वेतन मिळणाऱ्या हातांतूनच होते. कामगाराला माणुसकीची वागणूक हवी आहे. ती देण्याची सक्ती मालकावर तेव्हाच होईल, जेव्हा चुकीची किंमत खुद्द मालकाला मोजावी लागेल. जोवर ती किंमत पोराच्या वेतनातून वसूल करता येते, तोवर पोराला शिकविण्यावर आणि नवा पाना घेण्यावर कोणता मालक खर्च करील? ग्राहकाने मालकाकडून पै न् पै मागावी ती याचसाठी. त्याची भरपाईची मागणी नेमक्या माणसापुढे ठेवली, तर ती कामगाराच्याही हिताची मागणी होते. चुकीच्या माणसापुढे ठेवली, तर तिचा एक आणखी फटका त्याच गालावर पडतो.